लिंबू वरणावर पिळा, लेकीच्या चेहऱ्यावर नको

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या आहेत. माहेर सांगलीकडचं, सध्या मुक्काम चिंचवडला, नोकरी सकाळच्या शाळेत. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. दोन वर्षांपासून तिच्या कपाळावर आणि गालांवर पिंपल्स आहेत, आता हनुवटीवर आणि पाठीवरही येऊ लागलेत. घरात बाजारचं काही वापरायचं नाही, हा ताईंचा पहिल्यापासूनचा नियम. सकाळी क्लासला जाण्याआधी बेसन, हळद आणि लिंबाचा लेप, रात्री कडुनिंबाचा पाला वाटून, शिवाय अनशापोटी कडुनिंबाचा अर्धी वाटी रस. वर्ष झालं तरी फरक नाही, उलट काळे डाग वाढले. गेल्या महिन्यात मुलीच्या उशीखाली एक ट्यूब सापडली. मैत्रिणीनं सांगितली म्हणून तिनं ती मेडिकलमधून आणली होती आणि ‘आठ दिवसांत चेहरा साफ झाला’ असं तिचं म्हणणं. जोरात भांडण झालं. मुलगी म्हणाली, “तुझ्या स्वयंपाकघराचे प्रयोग माझ्या तोंडावर करू नकोस.” तेव्हापासून तिनं तूप, दूध, शेंगदाणे सगळं बंद केलंय. ओट्स आणि काकडीवर दिवस काढते. केस गळतायत, पाळी दोन-दोन महिने येत नाही. सासूबाई म्हणतात, डाग राहिले तर पुढं स्थळं बघताना जड जाईल. ताई विचारतात: हा केमिकलचा नाद कसा सोडवू? पिंपल्स कायमचे जातील असा घरगुती उपाय आणि आहार सांगाल का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. उत्तर मोठं आहे, पण त्यातली एक गोष्ट थांबण्यासारखी नाही, म्हणून ती आधी. ती ट्यूब जप्त करून तुम्ही कुठं ठेवली असेल तिथून काढा आणि तिच्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइडचं मलम आहे. आठ दिवसांत चेहरा साफ झाला, हे वाक्य वाचूनच मला ही शंका आली. पिंपल्सचं कुठलंही खरं औषध आठ दिवसांत चेहरा साफ करत नाही. स्टेरॉइडनं मात्र लाली आणि सूज झटकन उतरते. मग काही आठवड्यांनी कातडी पातळ होते, चेहरा लाल दिसतो, उन्हात आग होते, बारीक लव वाढते आणि पिंपल्स पूर्वीपेक्षा जोरात परत येतात. ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात, तरी काउंटरवर सर्रास मिळतात. तिनं बरेच आठवडे लावलेलं असेल तर स्वतःहून बंद करण्याआधी चर्मरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण एकदम सोडल्यावर त्वचा भडकू शकते. आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड, अडापलीन किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड असं नाव असेल तर ही पिंपल्सची नेहमीची औषधं आहेत. मग तुमच्या मुलीनं चुकीच्या वाटेनं का होईना, बरोबर दुकान गाठलं होतं.

ट्यूबवर नावच नसेल, किंवा डबी कुणा पार्लरवालीनं ‘हर्बल’ म्हणून दिलेली असेल, तर ती फेकून द्या. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरातली बातमी आली होती. आई आणि दोन मुली तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि तपासात त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला. ते क्रीमही ‘नैसर्गिक’ म्हणूनच घरात आलं असणार.

आता तुमच्याविषयी. भांडणात मुलीचं वाक्य तुम्हाला लागलं, ते का लागलं हे मला समजतं. वर्षभर पहाटे उठून पाला वाटायचा, हळद चाळायची, सकाळची शाळा सांभाळून हे सगळं करायचं, आणि लेकीनं त्याला ‘प्रयोग’ म्हणायचं! तुमच्या दृष्टीनं तिनं लेप नाकारला नाही, तुमची मायाच नाकारली. पण तिच्या बाजूनं एकदा बघा. सोळाव्या वर्षी चेहरा ही साधी गोष्ट नसते. वर्षभर रोज सकाळी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जळजळणारं थापलं गेलं, डाग वाढले, ती आरशात बघत राहिली, आणि ‘धीर धर, नैसर्गिक आहे’ एवढंच ऐकत राहिली. तिला उशीखाली ट्यूब लपवावी लागली, कारण घरात ते विचारायची सोयच नव्हती. माझं मन त्या उशीपाशी अडकलंय, ताई. ट्यूब चुकीची असली तर बदलता येईल. पण तिनं ती लपवली, हे तुम्हाला ट्यूबपेक्षा जास्त खुपायला हवं.

तुमच्या पत्रात ‘केमिकल’ हा शब्द सात वेळा आणि ‘नैसर्गिक’ पाच वेळा आलाय. तुम्ही या दोन शब्दांत जगाची वाटणी केलीत, तिथंच थोडं थांबू या. तुम्ही सांगलीकडच्या, तेव्हा बिबा माहीत असेल. झाडाचं फळ, शंभर टक्के नैसर्गिक. कातडीला त्याचं तेल लागलं तर काय होतं, बिबा उतला म्हणजे काय हाल होतात, हे आपल्या आज्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून तो त्या सुईच्या टोकानं, जपून वापरायच्या. खाजकुइलीही नैसर्गिकच. अळू घ्या. चिंच किंवा आंबट चुका न घालता अळूचं फदफदं कुणी करत नाही, कारण घसा खाजतो हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. आपल्या स्वयंपाकघरानं निसर्गाला कधी निरुपद्रवी मानलं नाही. कशात काय घालायचं, किती घालायचं, कधी घालायचं, हे तिथं ठरलेलं होतं. हरवलीय ती ही मात्रा, आणि तुमच्याशी मला बोलायचंय ते तिच्याविषयी.

कडुनिंबाचंच बघा. आपण तो गुढीपाडव्याला खातो. कोवळी पानं, गूळ, जिरं, हिंग, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, आणि सगळ्यांच्या हातावर चमचाभर. वर्षातून एक दिवस. रोज अनशापोटी अर्धी वाटी रस कुठल्या आजीनं सांगितला होता? कडुनिंबाचं तेल पोटात गेल्यानं लहान मुलं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय लिखाणात आहेत. पाल्याचा रस म्हणजे तेल नव्हे, हे खरं. पण जेवण तुटलेल्या, पाळी चुकलेल्या मुलीच्या रिकाम्या पोटात वर्षभर इतका कडू रस ओतण्याचं काहीच कारण नाही. तो उद्यापासून बंद करा.

उटणंही तसंच. ते दिवाळीचं, अभ्यंगस्नानाचं. आधी अंगाला तेल जिरवायचं, मग उटणं लावून ते काढायचं, चार दिवस. थंडी सुरू होताना अंग रूक्ष होतं त्या दिवसांतला तो उपाय, आणि तो अंगासाठी आहे. सुजलेल्या, पू धरलेल्या पिंपल्सवर रोज खरखरीत पीठ चोळण्यासाठी तो कधीच नव्हता.

आणि लिंबू. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण डाग वाढण्याचं कारण बहुतेक तिथंच आहे. आमच्याकडे एका मुंजीला, ऐन मे महिन्यात, मागच्या पडवीत बसून मी सरबतासाठी लिंबं पिळली होती. शंभरएक असतील. ऊन पायरीवरून हळूहळू माझ्या हातांवर आलं होतं, मला भानही नव्हतं. दुसऱ्या दिवशी हातांची आग, तिसऱ्या दिवशी मनगटापासून कोपराकडे ओघळांसारखे लाल पट्टे, आणि मग ते तपकिरी झाले ते पावसाळा अर्धा सरेपर्यंत टिकले. रस जिथून ओघळला होता, अगदी त्याच रेषेत. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते. त्यात लिंबाचा आंबटपणा त्वचेच्या स्वतःच्या सौम्य आंबटपणापेक्षा शेकडो पटींनी तीव्र. तुमची मुलगी सकाळी लिंबाचा लेप धुऊन क्लासला जाते, म्हणजे उन्हातच जाते. आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीचा एक स्वभाव आहे, ताई. तिला कुठंही जळजळ झाली, ओरखडा गेला, की ती तिथं काळा डाग धरते. डाग घालवायला लिंबू, लिंबानं जळजळ, जळजळीनं नवा डाग, आणि त्यासाठी आणखी लिंबू. वर्षभर घरात हेच चाललंय. खाण्याच्या सोड्याचंही तेच, फक्त उलट्या टोकानं. टूथपेस्ट लावू नका. दालचिनी, कापूर, लसूण, काहीच नको.

पिंपल्स म्हणजे मळ नव्हे, हे एकदा मनात पक्कं करा. या वयात शरीरातल्या संप्रेरकांमुळे त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त काम करतात, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून ते बंद होतं, आत अडकलेल्या तेलात तिथलेच जिवाणू वाढतात आणि सूज येते. हे सगळं कातडीच्या आत चालतं. बाहेरून घासून ते जात नाही, उलट भडकतं. काळं टोक दिसतं तेसुद्धा घाणीचं नसतं, हवा लागून काळं पडलेलं असतं. म्हणून ‘कायमचा घरगुती उपाय’ मी तुम्हाला देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण आपल्याच आज्यांनी करून ठेवलीय, उतावळेपणाला लावण्यासाठी. हळद पिऊन लगेच कुणी गोरं होत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

हळदीचा विषय निघाला की सांगलीच्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून हेही सांगते. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं होतं. सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेनं त्याला हरकत घेतली, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक होते. संस्थेनं जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुरावा म्हणून मांडला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. हा अभिमान आपल्या सगळ्यांचाच. पण त्यातून सिद्ध झालं ते एवढंच की हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होतं. हळद मुरुमं बरी करते असं त्यातून निघत नाही. खरचटल्यावर हळद दाबायची सवय चांगली, भाजीत हळद हवीच. मात्र ती शक्यतो हळकुंडं आणून दळून घेतलेली असावी, कारण रंग खुलवायला भुकटीत शिशाचं पिवळं रसायन मिसळल्याचं अनेकदा आढळलंय. तुम्हाला माहेराहून हळकुंडं आणणं अवघड नाही.

मग घरचं सगळं टाकून द्यायचं का? मुळीच नाही. ते योग्य माणसाला, योग्य जागी द्या. आधी स्वतःला. चाळिशीनंतर कातडी कोरडी पडते. तुम्ही रात्री हातापायांना खोबरेल लावा, टाचांच्या भेगांना कोकमाचं घट्ट तेल जरा कोमट करून लावा. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेच लावतात. कोरड्या गालांना दुधाची साय चोळून धुऊन टाका. हेच खोबरेल मुलीच्या चेहऱ्यावर मात्र नको, तेलकट कातडीची छिद्रं त्यानं आणखी बुजतात. केसांना तेल लावलं तर ते कपाळावर ओघळू देऊ नका, रात्रभर ठेवू नका. कपाळावरच्या पुटकुळ्यांचं ते एक कारण असतं. कोरफड लावायची तर पात कापून तासभर उभी ठेवा, पिवळा चीक गळून जाऊ द्या, तो चीक झोंबतो. उटणं घरी करत असाल तर मसुराचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा एवढं पुरे. काही जण त्यात बावची घालतात, ती वगळा. बावचीत उन्हाला भडकणारी द्रव्यं असतात, कोडावरच्या उपचारात ती वापरतात ती त्याचसाठी. काहीही नवं लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावून दोन दिवस बघा. आणि पाण्यात किंवा दुधात कालवलेलं काहीही त्याच दिवशी संपवा. फ्रीजमध्ये वाटी ठेवून आठवडाभर वापरण्यातून जंतूच वाढतात. बाजारच्या वस्तूंत टिकवण्यासाठी जे घालतात त्याला आपण नावं ठेवतो, पण ते नसलं की काय होतं हे उरलेल्या चटणीवरची बुरशी बघून कळतं.

मुलीच्या चेहऱ्याला सध्या फार कमी गोष्टी हव्यात. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, न घासता. हलकं, तेल नसलेलं मॉइश्चरायझर. बाहेर पडताना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. आपल्याकडच्या मुली स्कूटीवर स्कार्फ बांधतात तो फार चांगला, फक्त रोज धुतलेला असावा. घामेजलेला तोच स्कार्फ आठवडाभर हनुवटीला घासत राहिला तर तिथं पुटकुळ्या येणारच. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. बाकी काम डॉक्टरांचं. औषध सुरू झाल्यावर फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कधी कधी वाढल्यासारखंही वाटतं. तिथंच बहुतेक जण औषध सोडतात. घरच्या लेपाला तुम्ही वर्ष दिलंत, डॉक्टरांच्या औषधाला तीन महिने द्या.

डॉक्टरांकडे नेण्याचं आणखी एक कारण तुमच्या पत्रातच आहे, पण तुम्ही ते ओझरतं लिहिलंत. हनुवटीवर आणि पाठीवर पिंपल्स, पाळी दोन-दोन महिने नाही, केस गळणं. हे तिन्ही एकत्र असलं की पीसीओएस म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी चुकवणारा विकार आहे का, थायरॉइडचं काही आहे का, रक्त कमी आहे का, हे तपासावं लागतं. तसं असेलच असं नाही. खाणं तोडल्यानंसुद्धा पाळी लांबते आणि केस गळतात. पण ते अंदाजानं ठरवू नका. खासगी डॉक्टरांची फी झेपत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात चर्मरोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो, केसपेपर काढून सकाळी नंबर लावता येतो. हे मी इतर वाचकांसाठीही सांगतेय, कारण पैशांपायी लेपावर वर्षं काढणारी घरं खूप आहेत.

आता ताट. तुमच्या स्वयंपाकघराची खरी गरज तिच्या चेहऱ्याला इथं आहे.

तुपानं, शेंगदाण्यानं पिंपल्स येतात असं तिनं कुठंतरी पाहिलं असेल. तसा ठोस पुरावा नाही. अभ्यासांमधून जो संबंध थोडाफार दिसतो तो साखर, मैदा, थंड पेयं यांच्याशी, म्हणजे रक्तातली साखर झपकन वाढवणाऱ्या पदार्थांशी. काही जणांना दुधानं, आणि जिममध्ये घेतात त्या व्हे प्रोटीननं त्रास वाढतो. तेव्हा तिला दूध नको असेल तर त्यावरून लढू नका. दही-ताक चालतंय का बघा. कॅल्शियमसाठी नाचणी आहे, शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. तीळ तर त्याहून कितीतरी पुढं. मात्र ओट्स आणि काकडीवर सोळा वर्षांची मुलगी वाढत नाही. या वयात दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ती मिळाली नाहीत तर कातडी भरून यायला, केस उगवायला शरीर आणणार कुठून?

आणि लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या घरात तुम्ही, मुलगी आणि शेजारीण बसलात तर तिघींत निदान एकीला असण्याचा संभव बराच. लिंबू लागतं ते इथं! मटकीच्या उसळीवर, पालेभाजीवर, वरणभातावर लिंबू पिळलं की डाळी-भाज्यांतलं लोह अंगाला जास्त लागतं. आणि जेवणाला चिकटून घेतलेल्या चहानं ते लागत नाही. तासभर मध्ये जाऊ द्या. पोह्यांवर लिंबू हवंच, पण पोह्यांबरोबरचा कपभर चहा थोडा मागं ढकला. भाजी लोखंडी कढईत करा. कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतंच, मात्र भाजी कढईतच ठेवू नका, काळी पडते आणि मुलं तोंड फिरवतात.

तुम्ही लिहिलंत की तिच्यासाठी वेगळं, सासूबाईंसाठी वेगळं, नवऱ्याच्या डब्यासाठी वेगळं करता करता रात्री दहा वाजतात. हे थांबवा. पौष्टिक म्हणजे वेगळं आणि जास्त, असं आपल्या डोक्यात बसलंय. रविवारी अर्धा किलो मटकी किंवा मूग भिजवा, फडक्यात बांधा, मंगळवारपर्यंत मोड येतात. एक दिवस उसळ, एक दिवस मिसळीसारखी पातळ, उरलेले मोड मुलीला कांदा-टोमॅटो-लिंबू घालून कच्चे नको, वाफवून द्या. एका संध्याकाळी पिठलं-भाकरी आणि कांदा, वीस मिनिटांत. एका दिवशी मुगाची खिचडी, वरून तूप, बाजूला ताक. भाजणी दोन महिन्यांची एकदाच दळून आणा, थालीपीठ तिला स्वतःला थापता येईल. अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं डब्यात टाका. संध्याकाळी क्लासवरून आली की बिस्किटांऐवजी मीठ-तिखट लावलेला पेरू, चिंचवडच्या कुठल्याही कोपऱ्यावर मिळतो.

एक चटणी मात्र करून ठेवाच. वाटीभर जवस कोरडेच मंद आचेवर भाजा. तडतडायला लागले, एखादा दाणा कढईबाहेर उडाला की उतरवा, जास्त भाजले तर कडवट होतात. त्याच कढईत चार सुक्या मिरच्या आणि सहा-सात लसणाच्या पाकळ्या परतून घ्या, जिरं, मीठ, चिंचेचं बोटभर बुटुक. गार झाल्यावर भरड वाटा, पीठ करू नका. तिला तुपाची भीती वाटते ना, मग भाकरीवर ही चटणी आणि दही द्या. जवसात ओमेगा-३ मेद असतो, मासे न खाणाऱ्या घरांत तो दुसरीकडून फारसा मिळत नाही. तो तिच्या पोटात जाईल, आणि तुमच्यात वादही होणार नाही.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. ती ताट ढकलतेय, जेवणाआधी पोटभर पाणी पितेय, वजन मोजतेय, जेवून लगेच बाथरूममध्ये जातेय असं दिसलं तर तो पिंपल्सचा विषय राहत नाही. तेव्हा रागावू नका, समुपदेशकाची मदत घ्या.

सासूबाईंना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सांगावंसं वाटतं. ‘पुढं स्थळं बघताना’ हे वाक्य त्या मुलीच्या कानावर पडू देऊ नका. पडलंच तर तिच्यासमोर, शांतपणे, “आई, तिच्या तोंडाबद्दल घरात कुणी बोलायचं नाही,” एवढं म्हणा. लग्नकार्यात कुणी मावशी-आत्या ‘काय गं, तोंडाला काय झालंय?’ म्हणाली तर उत्तर तुम्ही द्या, तिला द्यायला लावू नका. तुम्ही एकदा तिच्या बाजूनं उभ्या राहिलात की उशीखाली काही ठेवण्याची तिला गरज वाटणार नाही. सासूबाईंशी भांडायला नको. त्यांनाही काळजीच आहे, फक्त ती चुकीच्या दिशेनं निघालीय. मसुराची डाळ निवडायला, हळकुंडं कांडायला त्यांना घ्या, दिवाळीचं उटणं त्यांच्या हातचं होऊ द्या.

आणि मुलीशी बोलताना समजावण्यापासून सुरुवात करू नका. “लिंबामुळे डाग वाढले असतील, माझं चुकलं,” असं सरळ म्हणा. आईनं असं म्हटलेलं मुलांनी फार कमी वेळा ऐकलेलं असतं. तिनं लगेच गळ्यात पडावं अशी अपेक्षा धरू नका. कदाचित ती खांदे उडवून आत निघून जाईल. दोन दिवसांनी विचारा, “डॉक्टरांकडे जाऊ या का? कुठल्या दिवशी जायचं, तू सांग.” आत गेल्यावर डॉक्टरांना तिला बोलू द्या. पाळीबद्दल तुमच्यासमोर बोलायला ती संकोचली तर पाच मिनिटं बाहेर थांबा.

जाताना ती ट्यूब बरोबर न्या. गेल्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा आठवतील तेवढ्या लिहून न्या. आणि वर्षभरात तिच्या चेहऱ्यावर जे जे लावलं, जे जे प्यायला दिलं, त्याची यादी करा, लिंबू आणि कडुनिंबाच्या रसासकट. ती यादी तिला लिहू द्या. तुम्ही शेजारी बसून तिनं विचारलं तेवढंच सांगा.